पासिंगला गाडी नेली, पण इंजिन नंबर कुठे आहे तेच दिसेना (स्विफ्ट डिझेल, २०१०)

शाळावाट · १२ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार. इथले गाड्यांचे धागे बरीच वर्षं वाचते आहे. लिहायची वेळ आज पहिल्यांदा आली.

मी कोकणात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरापासून शाळा एकवीस किलोमीटर. त्यातले शेवटचे सहा किलोमीटर सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरून जातात, दोन्ही बाजूंना चिरेखाणी, चिऱ्यांच्या ट्रकांनी रस्त्याची चाळण केलेली. सकाळची एसटी एकच, आणि ती पोचते तेव्हा आमची प्रार्थना होऊन गेलेली असते. म्हणून २०१० साली कर्ज काढून स्विफ्ट डिझेल घेतली. तेव्हापासून ही गाडी आणि मी, रोज बेचाळीस किलोमीटर.

नोंदणीला पंधरा वर्षं होतात. आरसीची, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राची मुदत १७ नोव्हेंबरला संपते. फेरनोंदणीचा फॉर्म २५ ऑनलाइन भरला, ५००० रुपये फी भरली, पर्यावरण कर भरला, पीयूसी काढली. इन्शुरन्स चालू आहे. नवी नंबरप्लेट ऑगस्टमध्येच बसवून घेतली होती. शुक्रवारी अर्धी रजा टाकून गाडी आरटीओच्या तपासणीला, म्हणजे पासिंगला नेली. दिवे, हॉर्न, वायपर, टायर सगळं बघून झालं. चेसिस नंबरचा पेन्सिलने ठसा घेतला, तो स्वच्छ आला. मग तपासणारे साहेब इंजिन नंबर बघायला वाकले ते दहा मिनिटं वाकूनच होते. मोबाइलचा टॉर्च लावला, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, खाली बसून पाहिलं. शेवटी म्हणाले, "मॅडम, गाडी चांगली ठेवली आहे तुम्ही. पण नंबर डोळ्यांनी दिसल्याशिवाय मला सही करता येत नाही. साफ करून पुन्हा आणा." माझी त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. त्यांनी त्यांचं काम केलं.

बाहेर पडल्यावर एक एजंट मागे आला. "कशाला साफ करत बसता? मी आतून बघतो. नाहीतर त्याच्यावर पंच मारून नंबर ठळक करून देतो, आरसीवर आहे तोच." मी काही न बोलता गाडी काढली.

पंधरा वर्षं दर वर्षी इन्शुरन्सच्या कागदावर हा नंबर मी वाचला आहे. नंबरप्लेटचा अर्ज भरताना स्वतःच्या हाताने टाइप केला. डी१३ए पासून सुरू होतो, मला पाठ आहे. पण प्रत्यक्ष लोखंडावर तो मी एकदाही पाहिलेला नाही, हे शुक्रवारी लक्षात आलं.

आणि खरी भीती पुढे आहे. जुलै २०२१ मध्ये गाडी चिपळूणला भावाच्या इमारतीखाली उभी होती. २२ तारखेचा पूर सगळ्यांना आठवत असेल. गाडी छपरापर्यंत पाण्यात गेली. नंतर टो करून एका गॅरेजला दिली, तिथे पावणेदोन महिने होती. इंजिन खोललं एवढंच मला माहीत आहे. तेव्हा गॅरेजबाहेर गाड्यांची रांग लागली होती आणि बिल मिळालं ते एका ओळीचं, "इंजिन काम व मजुरी". तेही आता सापडत नाही. त्या गडबडीत माझ्या गाडीला दुसऱ्या कुणाच्या इंजिनाचा ब्लॉक (इंजिनाचा मुख्य ओतीव भाग, ज्यावर नंबर असतो) लागला असेल तर? नंबर साफ केला आणि तो वेगळाच निघाला तर?

म्हणून तीन गोष्टी विचारते. या इंजिनावर नंबर नेमका कुठे असतो? तो साफ कसा करायचा? आणि जुळला नाही तर काय?

पाना-पक्कड · १२ ऑक्टोबर, रात्री १०:२५

ताई, सांगलीत माझं गॅरेज आहे, सव्वीस वर्षं झाली. आधी एक सांगतो. त्या एजंटाला गाडीला हात लावू देऊ नका. पंच एकदा पडला की पडला. नंबर खरा असला तरी त्याच्यावर दुसऱ्यांदा ठोकलेलं जाणत्या माणसाला दिसतं. मग तुमची चांगली गाडी जन्मभर संशयाची होऊन बसते.

आता जागा. तुमचं इंजिन १२४८ सीसीचं, फियाटच्या घराण्यातलं. हेच पुंटोला, लिनियाला, टाटाच्या विस्टाला लागलंय. बॉनेट उघडून गाडीसमोर उभ्या राहा. तुमच्या उजव्या हाताला गिअरबॉक्स येतो. इंजिनाचा ब्लॉक आणि गिअरबॉक्स जिथं बोल्टांनी एकमेकाला आवळलेत, त्या सांध्याच्या आसपास ब्लॉकच्या अंगावर सपाट जागा बघायची. वरून दिसणार नाही. बॅटरी, बॅटरीचा ट्रे, पाइप, वायरिंगचा जुडगा, सगळं मधे येतं. बॅटरी आणि ट्रे काढल्याशिवाय नाद करू नका.

ब्लॉक बिडाचा आहे आणि गिअरबॉक्सचं घर अल्युमिनियमचं. हा फरक ध्यानात ठेवा. चाचपताना खरखरीत, काळपट, गंजलेलं लागलं की तो ब्लॉक. पांढरट, गुळगुळीत लागलं की गिअरबॉक्स. नंबर ब्लॉकवर असतो. गिअरबॉक्सवर दुसरे आकडे असतात, ते बघून लोक फसतात.

साफ करायला जुना टूथब्रश आणि डिझेल. रॉकेल मिळालं तर रॉकेल. लावायचं, अर्धा तास तसंच ठेवायचं, ब्रश मारायचा, फडक्यानं टिपायचं. घाई नाही. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, ग्राइंडर, ड्रिलला लावायची चकती यातलं काही नाही म्हणजे नाही. मी स्वतः पाहिलंय, एका पोरानं चकाचक करायच्या नादात वरचे दोन आकडे घासून घालवले. मालक रडायचा बाकी होता.

बॅटरी काढताना काळी वायर आधी, लाल नंतर. जोडताना उलट, लाल आधी. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच हात घाला. आणि गाडीखाली जायचं झालं तर नुसत्या जॅकवर जाऊ नका, स्टँड लावलेच पाहिजेत.

जुना निरीक्षक · १३ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

शाळावाट ताई, मी मोटार वाहन निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. तुमचं लिहिणं वाचून बरं वाटलं, कारण समोरचा माणूस का अडून बसला आहे हे तुम्हाला कळलं आहे. बहुतेक जण तिथेच वाद घालतात.

तपासणीत नंबर का बघतात ते सांगतो. गाडीची ओळख दोन ठिकाणी कोरलेली असते, चेसिसवर आणि इंजिनवर. दोन्ही नंबर निर्मात्याने कोरलेच पाहिजेत असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२२ सांगतो. चोरीची गाडी, दोन गाड्या कापून केलेली एक गाडी, अपघातात मोडीत निघालेल्या गाडीचे कागद दुसऱ्या गाडीला लावलेले, हे सगळं याच दोन नंबरांवर पकडलं जातं. पंधरा वर्षांत तुमची गाडी निरीक्षकाच्या नजरेखाली येते ती पहिल्या नोंदणीला आणि आता फेरनोंदणीला. मधे मालक बदलला तरी कित्येकदा काम कागदांवरच होतं. त्यामुळे या वेळी त्याने डोळे मिटून सही केली, तर पुढची पाच वर्षं कुणीच बघणार नाही.

ठसा मुख्यतः चेसिस नंबरचा लागतो. इंजिन नंबर वाचता आला आणि आरसीशी ताडून बघता आला की माझ्या काळात आम्ही समाधानी असायचो. म्हणजे तुम्हाला तो लख्ख चमकवायचा नाही, वाचण्याजोगा करायचा आहे. हे मनाशी धरलंत की हात आपोआप हलका पडेल.

आता तुमचा तिसरा प्रश्न, कारण झोप त्यानेच उडाली असणार.

इंजिन बदलणं हा गुन्हा नाही. बदलून ते न कळवणं ही अडचण आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. इंजिन बदललं तर चौदा दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते. नंबर वेगळा निघाला तर लपवू नका. स्वतः अर्ज करा, पुराच्या पंचनाम्याची प्रत असेल तर ती जोडा, इन्शुरन्सचा दावा केला असेल तर त्याचे कागद जोडा. विमा कंपनीच्या सर्वेअरच्या अहवालात कोणते भाग बदलले याची यादी असते. ती तुम्हाला गॅरेजच्या बिलापेक्षा जास्त उपयोगी पडेल. पुराचा दावा केला होतात का?

आणखी एक. एखादाच आकडा वेगळा वाटला तर लगेच घाबरू नका. ३ आणि ८, ६ आणि ८, ५ आणि इंग्रजी एस, शून्य आणि इंग्रजी ओ, हे गंजलेल्या बिडावर एकमेकांसारखे दिसतात. आणि कधीकधी चूक लोखंडावर नसते, आरसीवर असते. त्यासाठी गाडी घेतली तेव्हाचे फॉर्म २१ आणि फॉर्म २२ शोधा. पहिला विक्रेत्याचा, दुसरा निर्मात्याचा. दोन्हींवर इंजिन नंबर असतो, आणि ते कागद कार्यालयातल्या टायपिंगच्या आधीचे असतात.

मुदतीची काळजी नको. मुदत संपायच्या आधी साठ दिवसांत अर्ज करता येतो, तो तुम्ही केला आहे. पण १७ नोव्हेंबर ओलांडू नका. मोटारीला उशिराचे महिन्याला ५०० रुपये लागतात, आणि नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणणं त्याहून वाईट.

पंचगंगाकाठ · १३ ऑक्टोबर, दुपारी १:३५

काकांनी सांगितलं त्याला माझा अनुभव जोडतो. ऑगस्ट २०१९च्या पुरात आमची जीप कोल्हापुरात पाण्यात गेली. इंजिन जाम झालं. जुन्या बाजारातून दुसरं इंजिन आणून बसवलं, आणि मी चौदा दिवस काय, दीड वर्ष कुणाला कळवलं नाही. मला माहीतच नव्हतं. गाडी विकायला काढली तेव्हा उघडं पडलं.

नंतर नोंद झाली, पण ते इंजिन ज्या गाडीचं होतं तिच्या आरसीची प्रत आणि विकणाऱ्याची पावती आणेपर्यंत माझे चार महिने गेले. दुकानदाराने पावती जपून ठेवली होती म्हणून सुटलो. तेव्हा ताई, आत्ताच त्या गॅरेजला फोन करा. नंबर साफ करायच्या आधी. त्यांच्याकडे वहीत काहीतरी लिहिलेलं असतं.

शाळावाट · १४ ऑक्टोबर, रात्री ८:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आणि आज जे झालं ते लिहिते.

गॅरेजला फोन केला. त्या वेळचे मेस्त्री आता तिथे नाहीत. मालक म्हणाले, त्या दोन महिन्यांत साठ-सत्तर गाड्या खोलल्या, वहीसुद्धा पाण्यातच गेली होती, नवी वही सप्टेंबरात सुरू केली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांचं दुकानही गळ्यापर्यंत बुडालं होतं.

निरीक्षक काका, दावा केला होता. सर्वेअरचा अहवाल माझ्याकडे नाही, पण विमा कंपनीला ईमेल केली आहे.

आज शाळा सुटल्यावर आमच्या वाडीतल्या मेस्त्रींना बोलावलं. ते मुळात रिक्षा आणि पॉवर टिलर बघतात, पण हात स्वच्छ आहे. बॅटरी काढली. ट्रेचा एक बोल्ट गंजून बसला होता, तो तेल सोडून उद्यावर ठेवला. तेवढ्या फटीतून टॉर्च मारला तर एक नंबर चक्क दिसला. मी आनंदाने आरसी घेऊन आले. जुळेना. एकही आकडा जुळेना. मेस्त्री गप्प झाले, मीही गप्प झाले. फोटो काढून ठेवला आहे. आकडे उठावाचे आहेत, बोटाला लागतात. हा माझा इंजिन नंबर असेल तर ब्लॉक बदलला आहे असंच समजायचं का? आज जेवण गेलं नाही.

जुना निरीक्षक · १४ ऑक्टोबर, रात्री ९:०५

ताई, जेवून घ्या. उठावाचे आकडे म्हणजे ओतीव नंबर. ब्लॉक ओतताना साच्यातच असतात, एका साच्यातून निघालेल्या सगळ्या ब्लॉकांवर तेच. इंजिन नंबर ओतल्यानंतर कोरतात, म्हणून तो आत गेलेला असतो. बोटाला लागला तर नखाची कड अडकेल, उंचवटा लागणार नाही. तुम्ही पाहिला तो तुमचा नंबर नव्हे.

पाना-पक्कड · १४ ऑक्टोबर, रात्री ९:३०

काका बरोबर. माझ्याकडे महिन्यातून एक तरी माणूस ओतीव नंबर नाहीतर इंजिनाच्या पंपावरचा नंबर घेऊन येतो. ट्रे निघू दे ताई, मग बोलू. बोल्टाला रात्रभर तेल पिऊ द्या, ओढाताण करू नका. तुटला तर ड्रिल मारत बसावं लागतं.

ब्लू-माउंटन · १५ ऑक्टोबर, पहाटे ४:१५

मूळचा नाशिकचा, आता सिडनीत. इथे नोंदणी तुटलेली जुनी गाडी परत नोंदवायची तर ब्लू स्लिप नावाची तपासणी असते, त्यातही गाडीवरचे ओळखनंबर बघतात. माझ्या जुन्या सुबारूचा इंजिन नंबर ब्लॉकच्या वरच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी आहे, आणि वर इतक्या नळ्या की डोकं आत जात नाही. मी फोनला जोडायचा वायरसारखा कॅमेरा वापरला, ज्याच्या टोकाला छोटे दिवे असतात. भारतातही ऑनलाइन स्वस्तात मिळतो. तो नसेल तर दाताच्या डॉक्टरांचा छोटा आरसा. फोन आत घालून अंदाजाने व्हिडिओ काढला, मग एकेक फ्रेम थांबवून पाहिली, तरी काम होतं. आरशात आकडे उलटे दिसतात एवढं लक्षात ठेवा. आरशातला फोटो काढून नंतर तो फोनमध्ये डावीकडचं उजवीकडे असा उलटवून (फ्लिप करून) घ्या.

शाळावाट · १९ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२०

सापडला.

सुट्टी लागली, म्हणून आज सकाळी फराळाचं बाजूला ठेवून अंगणात गाडी घेतली. नरकचतुर्दशी उद्यावर आली आहे आणि माझ्या हाताला उटण्याऐवजी डिझेलचा वास आहे. पण मला हे सविस्तर लिहायचं आहे, कारण माझ्यासारखी पुरात गेलेली गाडी असलेले बरेच जण असतील, आणि २०१०-११च्या गाड्या आता एकामागून एक पासिंगला येणार.

ट्रेचा बोल्ट पाच दिवस तेल प्यायला होता, बारा नंबरच्या पान्याने हळू दिला तसा सुटला. ट्रे निघाल्यावर खाली जे दिसलं ते लोखंड नव्हतंच, माती होती. वरचा थर आमच्या सड्याचा, लाल, तेलाने थापलेला, बोटाने दाबला तर शेणाच्या गोवरीसारखा तुटणारा. तो निघाला आणि खालून वेगळाच रंग आला. राखाडी, बारीक, चिकणमातीसारखा. मेस्त्रींनी चिमटीत घेऊन चोळला आणि म्हणाले, "बाई, हा आपल्याकडचा नाय. हा नदीचा गाळ." चार वर्षं मी वाशिष्ठीचा गाळ घेऊन सड्यावर शाळेत जात होते. इंजिन खोललं, धुतलं, पण या कोपऱ्यात कुणाचा हात पोचला नव्हता. खरं सांगते, तेव्हाच माझ्या मनातली भीती निम्मी झाली. ब्लॉक दुसरा बसवला असता तर पूर उतरल्यानंतर बसवला असता, आणि मग त्याच्यावर हा गाळ कुठून आला असता?

डिझेल लावलं, अर्धा तास थांबलो. माझा जुना टूथब्रश, मग पोरांच्या चित्रकलेचा सहा नंबरचा ब्रश, तो कोपऱ्यांत छान जातो. पुन्हा डिझेल, पुन्हा थांबलो. वायरिंगचा जुडगा मेस्त्रींनी सुतळीने बाजूला बांधला, क्लिप तोडली नाही. तिसऱ्या वेळी सपाट पट्टी दिसली. गंज होता, पण वरवरचा. नंतर फडक्याने कोरडी केली.

आणि तरीही नंबर दिसेना! समोरून टॉर्च मारला की सगळं सारखंच तपकिरी. इथे दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एक म्हणजे टॉर्च समोरून न मारता अगदी बाजूने, पट्टीला जवळजवळ टेकवून धरला. तसा धरला की कोरलेल्या रेघांत सावली पडते. दुसरी गोष्ट माझ्या पर्समध्येच होती. खडू. पट्टीवर पांढरा खडू आडवा फिरवला आणि वरचा भुगा बोटाने पुसला. खडू खाचांत राहिला आणि पाठ असलेलं अक्षर समोर आलं. डी. मग १, ३, ए. मी मोठ्याने वाचत होते, मेस्त्री आरसी धरून "हां, हां" म्हणत होते. वर्गात हजेरी घ्यावी तसं.

शेवटून दुसऱ्या आकड्यावर अडलो. आरसीवर ८ आहे, लोखंडावर ३ दिसतो. खडू पुन्हा लावला, आरसा लावला (दाताच्या डॉक्टर माझी मैत्रीण आहे, तिने दिला), तरी मला ३ दिसतो, मेस्त्रींना ८ दिसतो. फोटो वर टाकले आहेत, सहा आहेत, उजेडाची बाजू प्रत्येकात वेगळी. निरीक्षक काका, कृपया बघा.

जुना निरीक्षक · १९ ऑक्टोबर, रात्री ८:४०

सगळे फोटो मोठे करून पाहिले. चौथा बघा, ज्यात उजेड डावीकडून आहे. आकड्याच्या डाव्या बाजूला खालच्या अर्ध्या गोलाची खाच मला स्पष्ट दिसते. वरच्या अर्ध्यात गंजाचा फोड आहे, त्याने खाच भरून गेली आहे. ३ असता तर खालीही डावी बाजू मोकळी असती. ओळखीच्या ३ शी ताडून बघा, तुमच्या नंबरात सुरुवातीच्या डी१३ए मध्येच एक ३ आहे. एकाच पंचाने मारलेले आकडे एकसारखे असतात. त्या ३ चं वरचं टोक आणि या आकड्याचं वरचं टोक वेगळं आहे.

माझ्या मते ८. पण माझं मत तिथे चालणार नाही. फोड टोकरू नका. फॉर्म २१ मिळाला का?

शाळावाट · २० ऑक्टोबर, दुपारी १२:१५

मिळाला! आईकडे लोखंडी ट्रंकेत, कर्जाच्या कागदांच्या फाइलमध्ये. फॉर्म २१ आणि २२ दोन्ही. दोन्हींवर ८ आहे. आणि विमा कंपनीचंही उत्तर आलं. सर्वेअरच्या यादीत पिस्टन रिंग, बेअरिंग, गास्केट संच, इंजेक्टर, टर्बो आहेत. ब्लॉक नाही.

तुम्ही सांगितलं तसं डी१३ए मधला ३ आणि हा आकडा शेजारी ठेवून पाहिले. मलाही आता ८ च दिसतो. दीपावलीच्या शुभेच्छा सगळ्यांना.

पाना-पक्कड · २० ऑक्टोबर, दुपारी २:००

वा ताई! आता एक करा. पट्टी कोरडी आहे तोवर तिच्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवून ठेवा म्हणजे गंज चढणार नाही. रंग मारू नका, साहेबांना शंका येते. बॅटरीचा ट्रे दोनच बोल्टांवर बसवून ठेवा, तपासणीच्या दिवशी पटकन निघेल. दहाचा आणि बाराचा पाना गाडीत असू द्या. आणि खडू.

शाळावाट · २९ ऑक्टोबर, रात्री ९:१०

आज काम झालं.

मेस्त्री सोबत आले, त्यांनी आज रिक्षाचं काम बाजूला ठेवलं. साहेब तेच होते. मी आधीच सांगितलं की बॅटरी काढावी लागेल, दहा मिनिटं लागतील. ते म्हणाले, "काढा, मी तोवर पुढची गाडी बघतो." ट्रे निघाला, ग्रीस पुसलं, खडू लावला, टॉर्च बाजूने धरला. साहेबांनी आरशात बघून आकडे एकेक करून वाचले आणि आठावर थांबले. मी फॉर्म २१ आणि चौथा फोटो पुढे केला. त्यांनी पुन्हा वाकून पाहिलं, टॉर्च स्वतःच्या हातात घेऊन डावीकडे नेला, आणि म्हणाले, "आठच आहे." मग मला विचारलं, "हे खडूचं कुणी सांगितलं?" मी म्हटलं, शिक्षिका आहे.

त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून घेतला. संध्याकाळपर्यंत ऑनलाइन मंजुरी दिसली, नोंदणी नोव्हेंबर २०३० पर्यंत.

एजंट फाटकाशीच उभा होता. त्याच्याजवळ दुसरे एक गृहस्थ होते, जुनी ऑल्टो, हातात आरसी, चेहऱ्यावर माझ्यासारखीच काळजी. मी गाडी थांबवून त्यांना विचारलं, त्यांचंही तेच, नंबर दिसत नाही म्हणून परत पाठवलं होतं. मेस्त्रींनी त्यांचं बॉनेट उघडून बघितलं. माती लालच होती. उद्या सकाळी ते वाडीत गाडी घेऊन येत आहेत.

पाना-पक्कड · २९ ऑक्टोबर, रात्री ९:४५

अभिनंदन ताई. ऑल्टोचा नंबर सापडला की जागेचा फोटो इथेच टाका. आणि त्यांना सांगा, येताना डिझेलची बाटली आणा, पॉलिश पेपर नको.

शाळावाट · ३० ऑक्टोबर, सकाळी ११:५०

टाकते. सध्या पहिला हात डिझेलचा देऊन ठेवला आहे, अर्धा तास थांबलो आहोत.